स्क्रीनआधी टाकी, खुर्ची आणि बेअरिंग

संपादक महोदय,
स. न.

छोट्या पिस्टन हेलिकॉप्टरच्या नव्या कॉकपिटवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. टचस्क्रीन, हलता नकाशा, ऑटोपायलट यांचं वर्णन छान आहे. पण माझं सगळं नोकरीचं आयुष्य अशा यंत्रांची झाकणं उघडण्यात गेलं, आणि लेखकाचं लक्ष नेमकं वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच्या भागापाशीच थांबलं, असं वाटलं. खरी सुधारणा त्याच्या पाठीमागे आणि खुर्चीखाली करायची असते.

आधी वजनाचं बोलू. दोन आसनी रॉबिन्सन आर-22 चं कमाल वजन 622 किलो. त्यातले साधारण 400 किलो रिकाम्या यंत्राचेच. दोन धडधाकट माणसं आणि टाकीभर इंधन घेतलं की हिशेब संपला. म्हणजे जे काही नवं बसवाल, त्यासाठी इंधन तरी कमी करायचं नाहीतर माणूस तरी हलका शोधायचा. अशा यंत्रात प्रत्येक किलो कुठे खर्च करायचा, हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

माझ्या मते पहिला किलो इंधनटाकीला. रॉबिन्सनच्याच चार आसनी आर-44 च्या जुन्या यंत्रांत ॲल्युमिनियमच्या टाक्या होत्या. आदळल्यावर त्या फाटत, आणि ज्या अपघातातून माणसं चालत बाहेर आली असती तिथे आगीने घात होई. कंपनीने 2010 मध्ये टाकीत लवचिक पिशवी बसवण्याची सूचना काढली; ऑस्ट्रेलियाने 2013 मध्ये ती सक्तीची केली. टाकीची क्षमता थोडी घटते, उड्डाणाची मिनिटं कमी होतात. होऊ द्यावीत.

दुसरा खुर्चीला. फ्रान्सच्या गिंबाल काब्री जी-2 ला 2007 मध्ये प्रमाणपत्र मिळालं तेव्हाच तिच्यात धक्का शोषणाऱ्या खुर्च्या होत्या. रॉबिन्सनमध्ये खुर्चीखालचा पत्र्याचा कप्पा दबून धक्का घेतो. म्हणूनच त्यात टणक वस्तू ठेवू नका असं बजावलेलं असतं, आणि नेमक्या तिथेच लोक हत्यारांची पेटी कोंबतात!

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, बेअरिंग. या यंत्रांत इंजिनाची ताकद रबरी पट्ट्यांमधून वरच्या शाफ्टला जाते आणि ते पट्टे एक छोटी विजेची मोटर ताणून धरते. तिथलं वरचं बेअरिंग झिजू लागलं की तापतं. ते कळावं म्हणून त्यावर एक चिकटपट्टी लावलेली असते. ठरावीक तापमान ओलांडलं की तिच्यावरचा चौकोन काळा पडतो. उड्डाणापूर्वी टॉर्च मारून ती बघायची. ही युक्ती स्वस्त आहे, हलकी आहे, मला आवडतेही. पण ती सांगते ते मागच्या उड्डाणाचं. हवेत असताना बेअरिंग तापलं तर वैमानिकाला पत्ता नाही. तिथे तापमानाचा आणि कंपनाचा एकेक संवेदक बसवून वायर कॉकपिटपर्यंत आणायला कितीसं वजन लागणार? मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये कंपनावर नजर ठेवणारी यंत्रणा आता नेहमीची झाली आहे. छोट्यांनीच ‘कान’ का बंद ठेवायचे?

कार्बुरेटरचंही तसंच. हवा दमट असेल तर बाहेर वीस अंश असतानाही त्यात बर्फ धरतो. या इंजिनांची ताकद मुद्दाम कमी ठरवलेली असते, त्यामुळे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, अर्धवट मिटलेलं राहतं आणि बर्फाचं फावतं. वर इंजिनाचे फेरे आपोआप कायम राखणारा गव्हर्नर इतका आज्ञाधारक, की ताकद घटली की निमूट थ्रॉटल उघडत जातो. फेरे तेवढेच दिसतात आणि इंजिन गुदमरतंय हे वैमानिकाला उशिरा कळतं. आर-44 च्या रेव्हन-2 या प्रकाराला 2002 मध्ये इंधन-इंजेक्शन आलं आणि ही कटकट मिटली. आर-22 मात्र अजून कार्बुरेटरवरच आहे, हे मला पटत नाही.

रोटरबद्दल मी थोडा सावध आहे. आर-22 ची पाती हलकी. इंजिन बंद पडलं तर कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, खाली करायला जेमतेम सेकंदभर मिळतो. पाती जड केली तर फेरे टिकतात आणि विचार करायला वेळ मिळतो. एनस्ट्रॉम कंपनीच्या हेलिकॉप्टरची जड तीन पाती याबाबतीत नावाजलेली आहेत. पण पाती बदलली की हब (पाती जिथे जोडतात तो मधला भाग), कंट्रोल, सगळ्यावरचा भार बदलतो. तो जुन्या यंत्रात करायचा बदल नव्हे, त्याला नवा आराखडाच हवा. शेपटीचं तसं नाही. रॉबिन्सनने आर-44 साठीही दोन्ही बाजूंना सारखे आडवे पंख असलेली शेपटी आणली आहे. नाक अचानक खाली घातल्यावर यंत्र उजवीकडे कलंडण्याची खोड तिने कमी होते. त्या कलंडण्यातूनच पुढे रोटरचा हब मास्टवर, म्हणजे त्याला पेलणाऱ्या उभ्या दांड्यावर, आदळतो, म्हणून या बदलाला माझं पूर्ण मत.

विजेवर उडवण्याबद्दल लेखात बरंच आहे. 2018 मध्ये बॅटरीवरचं आर-44 तीस नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे 56 किलोमीटर गेलं. कौतुकच आहे, पण तेवढ्यावर कामाचं यंत्र होत नाही. शिसंविरहित पेट्रोल मात्र लवकर यावं. स्पार्क प्लगमधले शिशाचे मणी टोकरून काढणाऱ्या कोणालाही विचारा.

राहिला खर्च. रॉबिन्सनची यातली बहुतेक पिस्टन यंत्रं 2200 तासांनी किंवा 12 वर्षांनी पूर्ण उघडावीच लागतात. टाकी, शेपटी, संवेदकांच्या वायरी हे सगळं त्याच वेळी उरकावं. मजुरी तशीही लागणारच असते. स्क्रीन कधीही बसवता येते, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता