बालनाट्याला अनुदान देताना मुलांनाही विचारा

मा. सांस्कृतिक मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

मोठ्यांनी लिहायचं, मोठ्यांनी बसवायचं आणि मोठ्यांनीच ‘किती गोड झालं हो’ म्हणायचं. मुलांकडे काय, तर पाठांतर. इंदूरचं मराठी बालनाट्य बरंचसं असंच चालतं. भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९९२ साली स्वीकारला. त्याच्या ३१व्या कलमात मुलांचा कलाजीवनात भाग घेण्याचा हक्क आहे, तर १२व्या कलमात त्यांच्याशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकून घ्यायला सांगितलं आहे. स्टेजवर मुलं उभी केली की ३१वं कलम पाळल्यासारखं वाटतं. १२व्याकडे कोणी फिरकत नाही.

मागणी एकच आहे. संहिता पक्की होण्याआधी मुलांचा सल्ला घेणं ही बालनाट्याच्या अनुदानाची अट असावी, आणि त्यासाठी पैसे वेगळे धरावेत.

सल्लागार गट १२ मुलांचा पुरे. ८ ते १० वयाची सहा, ११ ते १३ ची सहा. दोन्ही गट वेगळे बसवावेत, नाहीतर मोठी बोलतात आणि लहान माना डोलावतात. नाटकात काम करणारी मुलं यात नकोत, त्यांना आपलं काम वाचवायचं असतं. निवड शाळेवर सोडली तर वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मुलंच येतात, म्हणून इच्छुकांच्या चिठ्ठ्या काढाव्यात. तालमीआधी १२ आठवड्यांत सहा बैठका घ्याव्यात, प्रत्येक सव्वा तासाची. खोलीत दोन मोठी माणसं कायम असावीत, एकटं कोणी नको. पालकांची लेखी संमती हवी, पण पालक बाहेर. आई मागे बसली की मूल उत्तर देण्याआधी तिच्याकडे बघतं.

खरी चूक होते ती प्रश्नात. ‘आवडलं का?’ विचारलं की ‘हो’ येणारच, घरच्यांनी तसंच शिकवलेलं असतं. त्यापेक्षा ‘न आलेल्या मित्राला गोष्ट सांग’ म्हणावं. सांगताना जो प्रवेश गळतो, तो नाटकातही निसटलेला असतो. कच्च्या वाचनाला एक माणूस संहिता घेऊन मुलांकडे तोंड करून बसवावा. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला की त्या वाक्यापुढे त्याने पेन्सिलीने टिंब करावं. एक झाकण म्हणजे तहान. एकाच पानावर चार झाकणं उघडली, तर ते पान लांबलंय.

पुढच्या बैठकीत काय बदललं, काय नाही आणि का, हे मुलांना तक्त्यावर लिहून दाखवावं. हे राहून गेलं की तिसऱ्या बैठकीला निम्मी मुलं येत नाहीत. लेखक मात्र लेखकच राहतो. बारा जणांच्या बहुमताने लिहिलेल्या नाटकात शेवटी भूत, क्रिकेट आणि पिझ्झा उरतो.

इंदूरला भाषेसाठीही हे हवं. इथल्या मराठी मुलाचं घर मराठी, शाळा हिंदी किंवा इंग्रजी. ‘तू काय करून राहिला आहेस?’ हे त्याचं रोजचं वाक्य. पुण्याच्या संहितेतली मुलं त्याच्या कानाला पुस्तकी वाटतात, आणि तालमीत त्याच्या तोंडून आपलं वाक्य निघालं की दोन मोठी माणसं ते ‘शुद्ध’ करायला धावतात. संवाद मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. जीभ जिथे अडखळते तिथे बदल करावा. मराठी साहित्य अकादमी आपल्याच खात्याच्या छत्राखाली आहे. संहितांच्या अशा वाचनाला तिथून हात मिळू शकतो.

प्रयोगाचं गणितही मुलांनाच विचारावं. रवींद्र नाट्यगृहासारख्या मोठ्या सभागृहात पंधराव्या रांगेतल्या सहा वर्षांच्या मुलाला समोरच्याचं डोकं दिसतं. लहानांसाठी दीडशेची मर्यादा घालावी, पुढच्या दोन रांगांच्या जागी सतरंजी टाकावी आणि नाटक ५० मिनिटांत संपवावं. दिवे एकदम मालवू नयेत. आठ-दहा सेकंदांत हळूहळू उतरवावेत आणि थोडा उजेड ठेवावा, नाहीतर पहिला संवाद रडण्यात बुडतो. आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नये: पाहुण्यांची भाषणं प्रयोगानंतर. चाळीस मिनिटं सत्कार ऐकून पडदा उघडतो, तेव्हा अर्धं प्रेक्षागृह बाथरूमच्या रांगेत असतं.

खर्च फार नाही. पोहे, रिक्षाभाडं, कागद-रंग, आणि बैठका चालवणाऱ्याचं मानधन. हे मानधन अंदाजपत्रकात नसलं की काम कुणा हौशी ताईच्या गळ्यात पडतं आणि दुसऱ्या वर्षी बंद होतं. अनुदानाचा दुसरा हप्ता वर सांगितलेला तक्ता आणि टिंबांची संहिता पाहूनच सोडावा. छापील पत्रिका आणि हारतुऱ्यांचे फोटो पुरावा म्हणून घेऊ नयेत.

वेळापत्रक मात्र आपल्याच हातात आहे. हिशेब ३१ मार्चला बंद होतो, त्यामुळे मंजुरी हिवाळ्यात आली की प्रयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमके वार्षिक परीक्षांच्या तोंडावर कोंबावे लागतात. जुलैत मंजुरी मिळाली, तर ऑक्टोबरपर्यंत बैठका होतात, तालमी दिवाळीनंतर सुरू होतात आणि नाटक जानेवारीत उभं राहतं. यंदाच्या अर्जात एवढी एक तारीख बदलून पाहावी.

आपले,
इंदूरमधील बालरंगभूमीवर काम करणारे लेखक, दिग्दर्शक आणि शिक्षक