वठलेलं खोड तेवढं राहू द्या

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

होळी सरली की पुण्याच्या वेताळ टेकडीवर फुलं शोधत हिंडायची मला सवय आहे. पळस संपत आलेला, सावरीची बोंडं उकलायला लागलेली, वारसाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा. एप्रिलात बहावा लोंबू लागला की उन्हाळा आलाच. सगळे फोटो काढतात, मीही काढते.

यंदा मात्र माझा मुक्काम होता एका वठलेल्या खोडापाशी. पुरुषभर उंच, साल गळालेलं. त्याला गिरमिटाने पाडावं तसं गोल भोक, करंगळी जाईल एवढं, आणि खाली ताज्या भुश्शाची चिमूट. जरा वेळाने भुंगा घरघरत आला, उन्हात त्याचे काळे पंख निळे-जांभळे चमकले, आणि सरळ आत शिरला. भुंगा म्हणजे मधमाशीच, आपली देशी. मादी लाकूड पोखरते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुश्शाची भिंत लिंपते, मग पुढची खोली. मोहोळ नाही, कामकरी माश्या नाहीत.

दोन आठवड्यांनी गेले तर खोड गायब. वाट ‘स्वच्छ’ झाली होती. कोणी केली ते विचारत नाही, हेतू चांगलाच असणार. भुंगा तेवढा खोडाच्या उंचीवर, रिकाम्या हवेत घिरट्या घालत होता.

साहेब, मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या मोहोळ आठवतं, नाहीतर मधासाठी पाळलेल्या सातेरी माश्यांच्या पेट्या. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे, तेव्हा पेट्यांचं आम्हाला कौतुक नवं नाही. पण जगातल्या मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जातींपैकी बहुतेक पेटीत राहणाऱ्या नव्हेत. त्या एकेकट्या राहतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा उघड्या मातीत बीळ करतात. तिथे पेव्हर ब्लॉक बसवले की संपलं. वर कितीही फुलझाडं लावा.

म्हणून टेकड्यांच्या सुशोभीकरणाची फाइल समोर येईल तेव्हा एवढंच बघा: वाटेवर पडून कुणाला लागणार नसेल तर वठलेलं खोड उभं राहू द्या, पाडावंच लागलं तर तिथेच आडवं टाका. पायवाट मातीचीच ठेवा. आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, उन्हाळ्याआधी तयार करून घ्या, नाहीतर एका काडीने सगळा उतार जातो.

दुसरं एक खोड मी हेरून ठेवलंय. कुठे, ते मात्र या पत्रात लिहीत नाही.

आपली,
टेकडीवर रोज जाणारी एक पुणेकर