एपी किती घ्यायचे?

संपादक साहेब, नमस्कार.

इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरांमध्ये पोरगं दहावीत गेलं रे गेलं की एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) किती घेतोस हीच चौकशी सुरू, एकाने पाच घेतले की दुसऱ्याला सहा हवेतच, अरे पण परीक्षा सगळ्या मे महिन्यात एकापाठोपाठ एक येतात त्याचं काय? स्कोअर १ ते ५, बऱ्याच कॉलेजात ३ वर क्रेडिट (पदवीत धरलं जाणारं श्रेय) मिळतं पण काही ठिकाणी ४ किंवा ५ च लागतो, म्हणजे धडाधड घेऊन सगळीकडे २ आले तर काय उपयोग. इंजिनिअरिंगला जायचंय तर कॅल्क्युलस, फिजिक्स घ्या ना, नुसता जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) फुगवायला हिस्टरी कशाला (आवडत असेल तर जरूर घ्या). आणि रात्री एक वाजता निबंध खरडत बसलेल्या पोराला एकदा विचारा तरी, झेपतंय का म्हणून.

– एक पालक, न्यू जर्सी