सह्याद्री शंकूचा नव्हे, थरांचा

महोदय,

गेल्या आठवड्यात साताऱ्यातील एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहिले. मातीचा शंकू करून, त्याच्या माथ्यावरील भोकात खायचा सोडा व व्हिनेगर ओतून मुलांनी फेस काढला होता आणि खाली पाटी होती, ‘सह्याद्रीची निर्मिती’. मुलांनी मेहनत पुष्कळ घेतली होती, परंतु हा आपला डोंगर नव्हे. आणि ही चूक मुलांची नाही, आम्हा शिकवणाऱ्यांची आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथील लाव्हा प्रामुख्याने जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला, पसरला आणि निवला. असे थरावर थर बसून, भाकऱ्यांची चवड रचावी तसे दख्खनचे पठार तयार झाले. हिमालयासारख्या वळ्या येथे पडलेल्या नाहीत. पठाराची पश्चिमेकडील कड पावसाने व ओढ्यांनी कोरत नेली आणि जे झिजायचे राहिले, त्यालाच आपण डोंगर म्हणतो. अजिंक्यताऱ्याचा माथा सपाट का, याचे उत्तर या चवडीतच आहे. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तेथे कधी कधी दोन काळ्या कातळांमध्ये तांबडी पट्टी दिसते. एक थर निवून दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात झालेली ती माती आहे.

कासच्या पठारावर याच काळ्या दगडाचा, पावसापाण्याने झिजून, जांभा म्हणजे तांबडा, सच्छिद्र दगड झाला. त्यावर माती इतकी थोडी की मोठे झाड मूळ धरत नाही. फुलतात ती तेरडा आणि सीतेची आसवं, आणि ही दुसरी तर नत्राची उणीव बारीक जीव पकडून भागवते.

पावसाचेही तसेच. समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास कोसळतात; डोंगराआड, पूर्वेकडच्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरचीही वाट पाहावी लागते. एकाच जिल्ह्यात एकीकडे इरली आणि दुसरीकडे टँकर, हा या एका डोंगराचा कारभार. कृष्णाही अरबी समुद्र हाकेवर असताना पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते, कारण पठाराचा उतारच तिकडे आहे.

तेव्हा पुढच्या वर्षी शाळांनी सोडा-व्हिनेगर बाजूला ठेवून, निरनिराळ्या रंगांच्या मातीचे थर दाबून बसवावेत आणि एका कडेवर झारीने पाणी सोडावे. घरच्या परातीत मी हे करून पाहिले आहे. पहिली घळ पडायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा