जिऑलॉजीचं दार फक्त बारावी सायन्सवाल्यांनाच उघडं का?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

सध्या ॲडमिशनचा सीझन आहे, पेपरात रोज कट-ऑफ, राउंड, कोटा हेच चाललंय, ते वाचता वाचता हे पत्र लिहायला घेतलं. मला स्वतःलाच ॲडमिशन पाहिजे, जिऑलॉजीला म्हणजे भूशास्त्राला, आणि वय पंचेचाळीसच्या पुढं गेलंय. मी सिव्हिल डिप्लोमावाला, साइट सुपरवायझर, सिंहगड रोडला राहतो, आणि नोकरीची सगळी वर्षं पुण्याच्या आजूबाजूला पाया खणून घेण्यात गेली. एका कॉलेजात चौकशी केली तर काउंटरवरनं उत्तर आलं की बारावी सायन्स करून रेग्युलर बीएस्सीला या. दुसरा काही कोर्स आहे का विचारलं तर नाही. विषय संपला.

आता बघा, हे कुठं होतंय तर पुण्यात. इथं फर्ग्युसनला जिऑलॉजी आहे, वाडियाला आहे, विद्यापीठात आहे, आघारकर संस्था आहे, राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य ऑफिस इथंच, १९१६ साली सुरू झालेली केंद्राची जल आणि विद्युत संशोधन संस्था खडकवासल्याला आहे. शिकवू शकणारी एवढी माणसं दुसऱ्या किती शहरांत असतील? आणि पायाखालचा दगड तर असा की त्यासाठी जगभरनं अभ्यासक येतात, दख्खनचा बेसाल्ट म्हणजे आपला काळा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे एकावर एक थर साचत गेले आणि आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर ते पसरलेत. आपण त्याच दगडावर बिल्डिंगा बांधतोय, त्यातनंच बोअरचं पाणी काढतोय, त्याचीच खडी वापरतोय, मेट्रोचा बोगदासुद्धा शिवाजीनगर ते स्वारगेट त्यातनंच गेला. पण तो समजून घ्यायचा म्हटलं तर अठराव्या वर्षी सायन्स साइडला असायला पाहिजे होतं, नाहीतर राहू द्या.

माझी भाची कॅलिफोर्नियात आहे. इथं कॉमर्स करून गेली, लग्न झालं, मग तिकडं नोकरी करत करत कम्युनिटी कॉलेजला नाव घातलं, अकाउंटिंगसाठी. तिथं डिग्रीकडं जायचं तर प्रॅक्टिकलवाला एक तरी सायन्सचा विषय घ्यावाच लागतो म्हणून तिनं संध्याकाळच्या बॅचचा जिऑलॉजी घेतला, कुणीतरी सोपा आहे म्हणून सांगितलं होतं म्हणे. सोपा बिपा काही नव्हता पण ती त्यात जी अडकली ती अजून अडकलेलीच आहे. अमेरिकेत ही कॉलेजं १९०१ पासनं आहेत, पहिलं इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं, आणि एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी सरकारी ११६ कॉलेजं आहेत. ॲडमिशनला मेरिट लिस्ट नाही, वयाची अट नाही, दोन वर्षं तिथं काढली की पुढची दोन वर्षं मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेऊन डिग्री पुरी करता येते, आणि डिग्री नको असेल तर नुसता एक विषय घेऊन शिकलात तरी कुणी हाकलत नाही. तिच्या वर्गात शाळेतनं नुकतीच निघालेली पोरं होती तसेच रिटायर झालेले लोकपण होते.

तिथलं प्रॅक्टिकल तिनं मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. ट्रेमध्ये नंबर टाकलेले दगड, सोबत एक लोखंडी खिळा, काचेचा तुकडा, पांढरी खरखरीत फरशी आणि ड्रॉपरच्या बाटलीत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड. सोन्यासारखा चमकणारा पायराइट फरशीवर घासला तर रेघ काळपट हिरवी येते, आणि चकचकीत करडा हेमॅटाइट घासला तर लालसर तपकिरी, म्हणजे वरचा रंग फसवतो पण रेघ फसवत नाही. कॅल्साइटवर, म्हणजे चुनखडीतल्या खनिजावर, ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं. मी दुसऱ्या दिवशी साइटवर तेच करून बघितलं, बाथरूमच्या टाइलची मागची बाजू घेतली आणि फरशा साफ करायचं ॲसिड भरपूर पाणी घालून पातळ केलं. आमच्या खड्ड्यातल्या दगडात पांढरे खडे असतात, सगळेच त्याला गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ म्हणतात. त्यातले काही फसफसले, चाकूनं ओरखडलेसुद्धा, म्हणजे ते क्वार्ट्झ नव्हतंच, कॅल्साइट होतं. काही फसफसलेही नाहीत आणि क्वार्ट्झएवढे कठीणही नव्हते, ते बहुतेक झिओलाइट असावेत. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर पाण्यानं आणून साठवलेली ही खनिजं. वाघोलीच्या खाणीत अशाच पोकळ्यांत कॅव्हनसाइट नावाचं निळंजर्द खनिज सापडतं, पहिल्यांदा ते अमेरिकेत ऑरेगनला मिळालं होतं पण जगात सगळ्यात देखणे नमुने वाघोलीचे मानतात. वाघोलीच्या किती पोरांना हे माहितीय?

माझ्या धंद्यातलं सांगतो म्हणजे हे शौकापुरतं नाही ते कळेल. खोदाईचं बिल सॉफ्ट मुरूम, हार्ड मुरूम आणि रॉक अशा वेगवेगळ्या रेटनं निघतं, आणि कुठं मुरूम संपला आणि रॉक चालू झाला यावरनं कॉन्ट्रॅक्टर आणि इंजिनिअर यांच्यात प्रत्येक साइटवर वाद. जेसीबीच्या बकेटनं निघाला तर मुरूम, ब्रेकर लावावा लागला तर रॉक, एवढाच आमचा शास्त्रीय निकष. वेदरिंग म्हणजे दगड झिजून सुटा होणं कसं होतं, भेगा कुठल्या दिशेनं जातात, एखादा थर मधेच का संपतो हे त्या खड्ड्यात उभ्या असलेल्या कुणालाच शिकवलेलं नसतं, डिप्लोमाला थोडंसं होतं ते परीक्षेपुरतं.

मागं एका साइटवर दोन बेसमेंटचा खड्डा घेतला होता. वर काळा दगड, मधे हातभर जाडीचा विटकरी लाल थर आणि खाली परत काळा दगड. जुलैत काय झालं की त्या लाल थराच्या बरोबर वरच्या रेषेतनं पाणी झिरपायला लागलं, खड्ड्याच्या तिन्ही बाजूंना एकाच उंचीवर, आणि पंप दिवसरात्र चालू. कुणी म्हणालं झरा लागला, कुणी म्हणालं शेजारच्या सोसायटीची टाकी लीक आहे, शेजाऱ्यांशी भांडणसुद्धा झालं. मग ओळखीचे एक रिटायर्ड भूजलवाले साहेब येऊन पाच मिनिटं बघून गेले आणि सांगितलं की दोन लाव्हाच्या थरांच्या मधल्या काळात खालच्या थराचा वरचा भाग झिजून माती झाला, त्यावर नवीन लाव्हा येऊन तो भाजला गेला, तोच हा लाल थर, इंग्रजीत रेड बोल. वरच्या दगडाच्या भेगांतनं पावसाचं पाणी खाली उतरतं, लाल थर त्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं बाहेर येतं. मग आम्ही त्या रेषेलाच चर काढून पाणी एका कोपऱ्यात घेतलं. एवढं जर आधी माहिती असतं तर ड्रेनेज डिझाइनमध्येच धरलं असतं ना!

बोअरचं तर विचारूच नका. आमच्या सोसायटीत पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून जागा दाखवली, गाडी आली, रात्रभर धडधड करून खाली गेली आणि काळ्या पावडरीशिवाय काही निघालं नाही. अखंड काळ्या पाषाणात पाणी राहायला जागाच नसते, ते राहतं मुरमात, भेगांत, सच्छिद्र थरात. खोदताना जी पावडर वर येते तिचे दर दहा फुटांचे छोटे ढीग ओळीनं लावून ठेवले, कुठं लाल आली, कुठं ओलसर आली याची वहीत नोंद केली तर पुढच्या बोअरला उपयोग होतो. आमच्याकडं तो ढीग सकाळी झाडूवाल्यानं गोळा करून टाकला. सोसायटीच्या कमिटीतल्या एकाला जरी हे शिकवलेलं असतं तरी पुढचे पैसे वाचले असते.

आणि माळीण? ३० जुलै २०१४, आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, गावावर दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली. २०२३ च्या जुलैत परत इर्शाळवाडी. डोंगरउतारावर नवीन भेग पडणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं ही लक्षणं ओळखायला पीएचडी लागत नाही, पण कुणीतरी एकदा उतारावर उभं करून दाखवायला लागतं. तलाठी, ग्रामसेवक, आश्रमशाळेतले मास्तर, रोड सुपरवायझर, यांना कोण दाखवणार? ही माणसं बीएस्सीला बसणार नाहीत. माझ्या मते या पत्रातला हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे, माझी ॲडमिशन राहिली बाजूला.

कुणी म्हणेल की नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे. आहे, पण ती बाहेर पडायची सोय झाली, मी आत शिरायचं म्हणतोय. यूजीसीनं कम्युनिटी कॉलेजची योजना २०१३ च्या सुमारासच आणली होती, त्यात जिऑलॉजीचा कोर्स निदान माझ्या पाहण्यात तरी आला नाही. बारावीला बोर्डाचा जिऑलॉजी विषय आहे, बालभारतीचं पुस्तकही आहे, पण तो ठेवणारी ज्युनिअर कॉलेजं शोधावी लागतात.

खर्चाचं म्हणाल तर या विषयाएवढा स्वस्त सायन्सचा विषय नसेल. हातोडी, दहापट दाखवणारं भिंग, ॲसिडची बाटली, होकायंत्र. वर्ग तर पुण्यात जागोजागी आहेत, जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला बाराशे वर्षांपूर्वी कोरलेल्या दगडात शिकता येईल, वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत थर उघडे पडलेत, कात्रजच्या घाटाचं कटिंग आहे, कुकडीच्या पात्रात निघोजचे रांजणखळगे रविवारी जाऊन यायच्या अंतरावर आहेत.

तर ज्या कॉलेजांत डिपार्टमेंट आहे त्यांना आणि विद्यापीठाला माझी विनंती आहे की शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स काढा, मराठीतनं शिकवा, पावसाळ्यात थिअरी घ्या आणि दिवाळीनंतर फील्डला न्या. रिटायर्ड प्राध्यापक आणि भूजल खात्यातले लोक बोलावलेत तर आनंदानं येतील असं मला वाटतं. पुढं कुणाला डिग्री करायची असेल तर त्याचे क्रेडिट धरा. फी काय ठेवायची ते तुम्ही ठरवा, पण अट दहावी पासच्या वर नको, कारण आमच्याकडचे ब्रेकर ऑपरेटर आणि बोअरच्या गाडीवरची पोरं त्याच्या पुढं शिकलेली नाहीत आणि दगड रोज तेच फोडतात.

आपला,
एक साइट सुपरवायझर, सिंहगड रोड, पुणे