मा. परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : अपघात टाळण्याची बोलणी तरी थांबू नयेत

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

महोदय,

९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी आपल्याकडून एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि सीमा ओलांडून पाकिस्तानातील मियां चन्नू या गावाजवळ पडले. जीवितहानी झाली नाही. चूक झाल्याचे आपल्या सरकारने ११ मार्चला जाहीर केले, खेद व्यक्त केला, चौकशी नेमली आणि पुढे ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फही केले. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. तरीही मधले दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. दोन्ही देशांकडे अण्वस्त्रे आहेत, आणि आकाशातून आलेली वस्तू चुकून आली की मुद्दाम धाडली, हे ठरवायला समोरच्याच्या हाती काही मिनिटेच असतात. त्या संध्याकाळी सीमेवर आधीच तणाव असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते.

दहशतवाद आणि चर्चा एकत्र चालणार नाहीत, ही आपल्या सरकारची भूमिका मला ठाऊक आहे. ज्यांच्या घरातील माणसे हल्ल्यांत गेली, त्यांच्यापुढे उभे राहून या भूमिकेला नावे ठेवण्याचे धैर्य माझ्यात नाही. माझे मागणे निराळे आहे. राजकीय वाटाघाटी आणि अपघात टाळण्यासाठीचा संपर्क या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, एवढेच मला सांगायचे आहे. खरे तर आपण त्या वेगळ्या ठेवतच आलो आहोत. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादेत या केंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती दिल्या जातात. कारगिलच्या युद्धानंतर, संसदेवरील हल्ल्यानंतर, मुंबईवरील हल्ल्यानंतर आणि पुलवामानंतरही हा रिवाज मोडला नाही. त्यामुळे भारताची मान खाली गेली, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या व्यवस्थेतील दोन भोके मात्र अजून उघडी आहेत. क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा २००५ चा करार बॅलिस्टिक, म्हणजे उंच झेपावून कमानीच्या मार्गाने लक्ष्यावर कोसळणाऱ्या, क्षेपणास्त्रांपुरता आहे, तर २००७ चा करार अण्वस्त्रांशी संबंधित अपघातांपुरता. ब्राह्मोस क्रूझ, म्हणजे विमानासारखे उडत जाणाऱ्या, जातीचे असल्याने आणि त्या वेळी सुटले ते अण्वस्त्र नसल्याने मियां चन्नूची घटना यांपैकी कशातच बसत नव्हती. क्षेपणास्त्र कोणत्याही जातीचे असो, ते चुकून सुटले तर तत्काळ कळवण्याचे बंधन दोन्ही देशांनी स्वीकारावे.

दुसरे भोक समुद्रावरचे आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला झालेल्या सामंजस्य करारात नौदलांच्या जहाजांमधील आणि विमानांमधील दुर्घटना टाळण्यासाठी स्वतंत्र करार करण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले होते. काही महिन्यांतच कारगिल घडले आणि तो विषय बासनात गेला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी असाच करार मे १९७२ मध्ये केला होता. त्याआधी त्यांची जहाजे एकमेकांच्या अंगावर जात आणि विमाने डोलकाठीच्या उंचीवरून घोंगावत. करारानंतर दोन्ही नौदलांचे अधिकारी दरवर्षी भेटून घडलेल्या प्रसंगांची छाननी करू लागले, आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्यावरही तो करार कोणी मोडीत काढला नाही. त्यांचे वैर आपल्यापेक्षा सौम्य नव्हते.

यासाठी शिखर परिषद नको, हस्तांदोलनाची छायाचित्रे नकोत, संयुक्त निवेदनही नको. दोन्हीकडचे चार-चार नौदल आणि हवाई दल अधिकारी एखाद्या तिसऱ्या देशात बसून मसुदा तयार करू शकतील. अशा बैठकीचा प्रस्ताव भारताने स्वतःहून मांडावा, आणि पलीकडून नकार आला तर तोही जगासमोर ठेवावा, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक नागरिक