आधी वाईट महिना बघा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दोन शहरांपैकी कुठलं ठरतंय, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नोकरी दोन्हीकडे सारखीच आहे, तेव्हा ती बाजूला ठेवू. मी सकाळी बाहेर पडले की संध्याकाळीच घरी येणार. दिवसभर तिथे राहणार ते तुम्ही दोघं. म्हणून तुमची दुपार कशी जाईल, यावरूनच ठरवायचं असं मी ठरवलंय.

समुद्राकाठच्या शहराचं सरासरी तापमान वाचून तुम्ही म्हणालात, "एवढं तर झेपेल." सरासरीवर जाऊ नका. एका गावात बारा महिने २४ ते ३१ अंश, दुसऱ्यात थंडीत १० आणि उन्हाळ्यात ४३; वर्षाची सरासरी दोघांचीही २७ येऊ शकते. शिवाय अंगाला जाणवतो तो दमटपणा. घाम वाळला तरच शरीर गार होतं. ३२ अंशांच्या जोडीला ७० टक्के आर्द्रता आली की चाळीस अंशांच्या उन्हाळ्यासारखं वाटतं. ते टक्केही फसवे असतात. पहाटे हवा गार म्हणून ९० दिसतात, दुपारी हवेत वाफ तेवढीच असून ५५. म्हणून मी हल्ली दवबिंदू बघते, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होईल तो आकडा. तो २४ च्या वर गेला की पंख्याखाली बसूनही अंगाची चिकचिक जात नाही. रात्री सुटका व्हावी, तर दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर तेव्हाच उष्णता सोडत बसतं.

बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे आणि वयाबरोबर तहानही कमी लागते. उकाड्यात अंगातलं पाणी कमी पडू शकतं, तेव्हा काय करायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. डोस मात्र मनाने बदलू नका!

दुसरं शहर उंचावर आहे. साधारण हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे तिथला उन्हाळा सुखाचा. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. त्यात थंडीच्या सकाळी गार हवा खाली अडकते आणि धूरही तिच्यासोबत अडकून राहतो. आईच्या दम्याला ते चालणार नाही. आई, थंडीने गुडघे दुखतात की नाही यावर संशोधकांचं एकमत नाही. तुझं मात्र ठाम मत आहे, तेव्हा मी तेच धरते.

आता माणसांचं. दोन्हीकडे दुपारी चारच्या सुमारास मुद्दाम फिरले. उंचावरचं शहर नीटनेटकं, शांत. पण बागेतल्या बाकांना पाठ नव्हती, फुटपाथ गुडघ्याएवढे उंच, आणि साठीच्या पुढचं कुणी रस्त्यावर दिसलं नाही. कुणाकडे जायचं तर आधी फोन करून वेळ घ्यायची. समुद्राकाठी त्याच वेळी म्हाताऱ्यांचे तीन अड्डे भरले होते. एका आजींनी मला कुठली, कुणाची, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं. मला जरा जड गेलं, पण आई, तुझं तिथे आठवड्यात बस्तान बसेल. भाषा येत नसताना तू बसमध्ये शेजारणीशी अर्धा तास गप्पा मारतेस, हे मी पाहिलंय. बाबांना मात्र त्रास होईल. त्यांना नऊला झोप येते आणि तिथली गल्ली नऊला जागी होते. तेव्हा मागच्या बाजूची खोली असलेलं घरच बघायचं.

माझा कल समुद्राकाठाकडे आहे. एक खोली गार ठेवणं माझ्या हातात आहे, शेजाऱ्यांची बंद दारं उघडणं नाही. तरी नुसतं माझ्या सांगण्यावरून हलू नका आणि राहतं घर इतक्यात विकायला काढू नका. तिथला सगळ्यात दमट महिना गाठा आणि निदान तीन आठवडे राहा. उकाड्याची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, तुमच्या वयात थोडे जास्तच. चार दिवसांत काही कळत नाही.

बाबा, डॉक्टरांकडे जाऊन आलात की तारखा कळवा, म्हणजे तिकिटं काढते. आणि आई, तिथे पोचल्यावर एखाद्या दुपारी एकटीच खाली उतर, बाबांनाही सोबत घेऊ नकोस. कसं वाटलं ते मला रात्री सांग.

तुमची,
धाकटी